लहान कॉइल, मोठा व्हॉल्व
(विजेच्या इशाऱ्यावर दाबाची हवा आणि पाणी कसे सुटते?)



गेल्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदांच्या उसाला ठिबकच्या एका ब्लॉकमध्ये नऊ दिवस पाणी गेले नाही. पंप चालू, फिल्टर चालू, कंट्रोलरवरचा दिवा चालू; पण तीन नंबरचा व्हॉल्व काही उघडेना. त्यांनी तालुक्याहून नवी कॉइल आणून बसविली. बसविताना थोडी हलवाहलव झाली म्हणून म्हणा, पण दोन दिवस व्हॉल्व चालला आणि पुन्हा बंद पडला. दुसरी कॉइल आणली, ती जळाली. तिसरी हातात घेऊन ते थेट आमच्या वर्कशॉपमध्ये आले आणि म्हणाले, "सायेब, ही बोटाएवढी कॉइल तीन इंची व्हॉल्व उचलणार कशी? यापेक्षा दांडगी मिळत असंल तर सांगा, पैशाकडं बघत न्हाई."

व्हॉल्व खोलून पाहिला. कॉइलच्या खालच्या नळीत आणि तिच्या बुडाशी असलेल्या सुईएवढ्या भोकात बारीक वाळू बसली होती. कॉइलची काही चूक नव्हती. चिमूटभर वाळूने तीन कॉइलींचे पैसे घालविले आणि ऐन उन्हाळ्यात उसाच्या कांड्या आखूड केल्या.

त्याच आठवड्यात एका सभासदांचा शिकलेला मुलगा वेगळाच प्रश्न घेऊन आला. रानडुकरे हुसकायला त्याला हवेची तोफ करायची होती. चार इंची पी.व्ही.सी. पाईपात काँप्रेसरने हवा भरायची आणि घरातून बटण दाबले की ती एकदम सुटून बार व्हायचा, असा बेत. "त्याला कोणता सॉलेनॉईड व्हॉल्व घेऊ?" एवढेच त्याला विचारायचे होते.

वरवर पाहता एक प्रश्न पाण्याचा आणि दुसरा हवेचा. पण दोन्ही प्रश्नांचे मूळ एक आहे आणि उत्तरही एकच आहे. ठिबकचे स्वयंचलित संच आता गावोगाव बसू लागले असल्याने हे उत्तर प्रत्येक सभासदाला ठाऊक असणे फायद्याचे आहे. म्हणून हा पाठ.

सॉलेनॉईड म्हणजे काय?

पोकळ नळीवर तांब्याच्या इनॅमल तारेचे शेकडो वेढे गुंडाळले की कॉइल झाली. तिच्यातून वीज सोडली की ती लोहचुंबक बनते आणि नळीत ठेवलेला लोखंडी दांडा आत ओढून घेते. या दांड्याला प्लंजर म्हणतात. वीज बंद केली की चुंबक संपला. मग स्प्रिंग दांड्याला पुन्हा जागेवर ढकलते. कॉइल, दांडा आणि स्प्रिंग मिळून झाला सॉलेनॉईड. ट्रॅक्टरची चावी फिरविली की स्टार्टरवर "खट्" आवाज होतो, तो सॉलेनॉईडचाच. दारावरची टिंग-टाँग घंटाही त्याच्यावरच वाजते.

याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्यात.

पहिली खोड अशी की, ओढ विजेच्या प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते. प्रवाह निम्मा झाला तर ओढ निम्मी होत नाही, ती चौथाईवर येते.

दुसरी खोड अशी की, दांडा लांब असेल तर ओढ फारच कमी लागते. अंतर दुप्पट झाले की ओढ साधारण चौथाई होते. दांडा जवळ आला की मग ती झपाट्याने वाढते. म्हणजे सॉलेनॉईड हा दोन-चार मिलिमीटरच्या चालीचा गडी आहे. त्याच्याकडून हातभर ओझे ओढायची अपेक्षा धरू नये.

सरळ ओढून का भागत नाही?

आता थोडा हिशेब मांडू. बंद झडपेवर दाबाचा जो जोर बसतो, तो म्हणजे दाब गुणिले भोकाचे क्षेत्रफळ. कारखान्यातील हवेच्या लाईनला दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो दाब धरा.

भोक २ मि.मी. व्यासाचे असेल तर झडपेवर जोर येतो सुमारे १९० ग्रॅम.
भोक २५ मि.मी. असेल तर सुमारे साडेएकोणतीस किलो.
भोक ५० मि.मी. असेल तर सुमारे ११८ किलो, म्हणजे साखरेच्या दोन पोत्यांपेक्षा जास्त.

व्यास दुप्पट केला की जोर चौपट होतो, हे यातून दिसेल. आता बोटाएवढी कॉइल १९० ग्रॅम सहज उचलेल. पण ११८ किलो उचलायचे म्हटले तर कॉइलच पाण्याच्या घागरीएवढी करावी लागेल, तिला वीजही तशीच लागेल आणि ती तापेलही तशीच. "दांडगी कॉइल द्या" म्हणणाऱ्या आपल्या सभासदांची समजूत इथेच चुकली होती.

मग मोठ्या व्हॉल्ववर एवढीशी कॉइल बसविणारे इंजिनियर वेडे होते काय? तसे नाही. त्यांनी कॉइलला ओझे उचलायला सांगितलेच नाही. पाटाचे बारे फोडताना आपण काय करतो ते आठवा. खोऱ्याने एक ढेकूळ ओढतो. उरलेली माती मागचे पाणीच वाहून नेते. बारे आपण फोडले खरे, पण वाट केली ती पाण्याच्या जोराने. मोठ्या व्हॉल्ववर कॉइल एवढेच करते. ती ढेकूळ ओढते आणि काम दाब करतो.

ही युक्ती दोन प्रकारे करतात. एक ठोक्याची रीत आणि दुसरी तोल ढळविण्याची. दोन्ही रीती हवेच्या बंदुकीत उत्तम पाहायला मिळतात, म्हणून आधी तिकडे वळू.

ठोक्याची रीत

जत्रेत फुगे फोडायला असते ती छर्ऱ्याची बंदूक स्प्रिंगची. तिच्यात हवा साठविलेली नसते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या त्याच क्षणी हवा दाबतो. दुसऱ्या जातीच्या बंदुकीत मात्र हवा आधीच दाबून भरून ठेवतात. ही जात काही नवी नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरार्डोनी नावाची अशी बंदूक घेतली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. तिच्यात हातपंपाने दर चौरस सेंटीमीटरला पन्नास किलोच्या वर दाब भरीत. दारू नाही, धूर नाही, आणि एका भरणीत वीसेक गोळ्या.

आता गंमत पाहा. टाकीच्या तोंडाशी असलेली झडप आतल्या हवेनेच घट्ट दाबून बंद धरलेली असते. जितकी हवा जास्त तितकी झडप घट्ट. ती बाहेरून सावकाश ढकलून उघडायची म्हणजे अंगठा मोडायचा. म्हणून तिच्या दांडीवर घोड्याचा ठोका मारतात. हातोडीने खिळा ठोकतो तसा. ठोक्याने झडप सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती मागे सरकते, तेवढ्यात हवा सुटते आणि आतला दाब झडप पुन्हा आपोआप मिटवून टाकतो.

आजच्या काही हवाई बंदुकांत घोड्याच्या स्प्रिंगऐवजी सॉलेनॉईड हा ठोका देतो. चाप दाबला की बॅटरीवरच्या सर्किटमधून कॉइलला क्षणभर जोराचा प्रवाह मिळतो. इथे कपॅसिटरचा उपयोग होतो. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी समजा. सावकाश भरते आणि क्षणात रिकामी होते. कॉइल सतत चालू ठेवायची नसून एकच दणका द्यायचा असल्याने लहान कॉइललाही मोठा प्रवाह क्षणभर सोसतो. शिवाय दणका किती वेळ द्यायचा हे सर्किट ठरवू शकते. त्यामुळे टाकीतला दाब उतरत गेला तरी प्रत्येक बार सारखा ठेवता येतो. स्प्रिंगला हे कळत नाही.

तोल ढळविण्याची रीत

ठोक्याची रीत लहान झडपेला ठीक. पण झडप थाळीएवढी असेल तर? याचे सगळ्यांत नामी उदाहरण समुद्रात आहे.

समुद्राच्या तळाखाली तेल किंवा वायू आहे का, हे शोधण्यासाठी पाण्यात मोठा आवाज करतात. तो खालच्या खडकांच्या थरांवर आपटून परत येतो. जहाजामागे काही किलोमीटर लांबीच्या केबलींवर लावलेली यंत्रे तो प्रतिध्वनी टिपतात आणि त्यावरून थरांचा नकाशा तयार होतो. पूर्वी या आवाजासाठी सुरुंगाची दारू उडवीत. १९६० नंतरच्या काळात तिची जागा हवेच्या बंदुकीने घेतली. मुंबई हायचा तेलसाठा १९७४ साली सापडला. पुढे आपल्या पश्चिम समुद्रातील पाहण्यांतही या बंदुका वापरल्या गेल्या आहेत. जहाज सेकंदाला साधारण अडीच मीटर चालते. दर २५ मीटरला एक बार धरला तर दर १० सेकंदांनी बार झाला. तासाला झाले ३६०, आणि हे रात्रंदिवस चालते.

या बंदुकीतला दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १४० किलो असतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन किलो असतो, त्यावरून कल्पना यावी. समजा दट्ट्याचे क्षेत्रफळ ४० चौ. सें.मी. आहे, तर त्याच्यावर जोर झाला ५६०० किलो. दोन-तीन भरलेल्या टायरगाड्यांच्या उसाइतके हे ओझे. ते कॉइलने कसे ओढावे?

तर तिथे रचना अशी. एका पोकळ दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन दट्टे. वरचा दट्ट्या वरच्या लहान खोलीत, खालचा दट्ट्या खालच्या मोठ्या खोलीच्या तोंडावर झाकणासारखा. हवा प्रथम वरच्या खोलीत येते आणि दांड्याच्या पोकळीतून खालच्या खोलीतही भरते. दोन्हीकडे दाब सारखाच. पण वरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ थोडे जास्त ठेवलेले असते. त्यामुळे खाली दाबणारा जोर वर ढकलणाऱ्या जोरापेक्षा थोडा अधिक होतो आणि झाकण घट्ट बसून राहते.

वखारीतला जुना तराजू डोळ्यांपुढे आणा. दोन्ही पारड्यांत क्विंटल-क्विंटल माल आहे, फक्त एका पारड्यात पावशेर जास्त. तराजू त्या बाजूला झुकलेला आहे. आता तराजू उलटवायला क्विंटल उचलावा लागत नाही. पावशेर इकडचे तिकडे केले की झाले.

सॉलेनॉईड नेमके हेच करतो. त्याला वीज मिळाली की तो एक बारीक वाट उघडतो आणि दाबाची हवा वरच्या दट्ट्याच्या खालच्या अंगाला पोहोचते. वरून दाबणारा जादा जोर तिथल्या तिथे फिटतो. तोल ढळतो. मग खालच्या खोलीतली हवाच झाकण वर भिरकावते आणि बाजूच्या खिडक्यांतून सगळीच्या सगळी एकदम पाण्यात सुटते. हवा सुटून दाब उतरला की दांडा पुन्हा खाली बसतो आणि पुढच्या बारासाठी हवा भरू लागते.

इथे वेळ फार महत्त्वाची. जहाजामागे अशा अनेक बंदुका असतात आणि त्या सगळ्या एकाच वेळी, सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाच्या फरकात उडाव्या लागतात. पण वीज सोडली की लगेच झडप उघडली असे होत नाही. कॉइलमध्ये प्रवाह चढायला वेळ लागतो, दांडा हलायला वेळ लागतो, हवा वाटेतून जायला वेळ लागतो. प्रत्येक बंदुकीचा हा उशीर थोडा वेगळा. म्हणून बंदुकीवर बसविलेला सेन्सर ती प्रत्यक्ष कधी उडाली ते कळवितो आणि कंट्रोलर पुढच्या बाराला तिला तेवढा आधी किंवा नंतर इशारा देतो. आळशी गड्याला जरा आधी हाक मारावी, तसेच हे.

आपल्या कारखान्यात

आता समुद्रावरून कारखान्यात येऊ. पॅनमधून शिजून आलेला मॅसेक्विट सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये फिरवून साखर आणि मळी वेगळी करतात, हे आपण भेटीच्या वेळी पाहिले असेल. तिथे मॅसेक्विट सोडण्याचा व्हॉल्व, धुण्याच्या पाण्याचा व्हॉल्व, साखर खरवडणारा नांगर हे सारे हवेच्या सिलिंडरवर हलते आणि त्या सिलिंडरला हवा देणारा लहान सॉलेनॉईड व्हॉल्व पॅनेलच्या इशाऱ्यावर चालतो. मोठ्या मशीनच्या बाजूला "टक्-फुस्स" असा आवाज येतो. त्यातला "टक्" कॉइलचा आणि "फुस्स" हवेचा.

ज्या कारखान्यांत धूळ पकडायला कापडी पिशव्यांचे बॅग फिल्टर आहेत, तिथे हीच रीत आणखी स्पष्ट दिसते. पिशव्यांवर बसलेली धूळ झटकायला दर थोड्या वेळाने हवेचा एक झटका मारतात. जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. त्यासाठी रबरी पडद्याचा व्हॉल्व असतो. सॉलेनॉईड पडद्यामागची चिमूटभर हवा बाहेर सोडतो आणि टाकीतली हवा पडदा उचलून निघते. सिमेंट कारखान्यांत कोठीत चिकटलेला माल पाडायला हवेच्या तोफा असतात, त्यांचीही तऱ्हा हीच. मोठा दट्ट्या मागच्या हवेने बंद धरायचा, आणि मागची हवा सोडून द्यायची.

आपल्या शेतात

ठिबकचा व्हॉल्व म्हणजे याच घराण्यातला शांत स्वभावाचा भाऊ. आत रबरी पडदा. पडद्याच्या खाली मुख्य पाणी, वर एक लहान खोली. मुख्य पाण्यातून एका बारीक भोकाने थोडे पाणी वरच्या खोलीत येते. दाब दोन्हीकडे सारखा, पण पडद्याचे वरचे क्षेत्रफळ जास्त. म्हणून पडदा बसून राहतो आणि व्हॉल्व बंद. कॉइलला वीज मिळाली की प्लंजर उचलला जातो आणि वरच्या खोलीतले पाणी दुसऱ्या वाटेने पुढच्या पाईपात निघून जाते. वरचा दाब उतरतो. खालचे पाणी पडदा उचलून वाहू लागते. वीज बंद केली की वाट मिटते, खोली हळूहळू भरते आणि व्हॉल्व सावकाश बंद होतो. सावकाश बंद होणे चांगलेच, कारण वाहते पाणी एकदम अडविले तर पाईपला दणका बसतो.

तीन इंची व्हॉल्वच्या भोकावर २ किलो दाबाने सुमारे ८८ किलो जोर येतो. तो जोर सांभाळतो दाबच आणि हटवितो दाबच. कॉइलच्या वाट्याला काही मिलिमीटरच्या भोकावरची झाकणी तेवढी येते. यावरून चार गोष्टी आपोआप कळतात.

एक, दाब नसेल तर व्हॉल्व चालणार नाही. अशा व्हॉल्वला साधारण अर्धा ते एक किलो दाब लागतोच. विहिरीचे पाणी खाली गेले, पंप ओढेना, की व्हॉल्व धड उघडतही नाही आणि धड मिटतही नाही. तेव्हा कॉइलला दोष देऊ नये.

दोन, सगळा खेळ सुईएवढ्या वाटांचा आहे. म्हणून फिल्टर हाच व्हॉल्वचा प्राण. वाळूचा फिल्टर उलटा धुणे आणि जाळी किंवा चकत्यांचा फिल्टर खोलून धुणे यात चालढकल केली की पहिला फटका तुषकांना आणि दुसरा या वाटांना.

तीन, तार बारीक वापरू नये. समजा व्हॉल्व ५०० मीटरवर आहे. जाऊन-येऊन तार झाली १ किलोमीटर. १ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. दांडा ओढताना कॉइलने ०.४ अँपिअर प्रवाह घेतला तर ७ व्होल्ट तारेतच खर्च झाले. २४ व्होल्टमधले उरले १७. ओढ वर्गाच्या हिशेबाने निम्म्यावर आली. तीच तार अडीच चौ. मि.मी. घेतली तर ३ व्होल्टच खर्च होतात आणि पाऊणपट ओढ शिल्लक राहते. तारेत वाचविलेले पैसे पुढे कॉइलीत जातात ते असे.

चार, वीज गेली तर काय होते हे माहीत असावे. तारेवरची २४ व्होल्टची साधी कॉइल असेल तर वीज जाताच व्हॉल्व मिटतो. पण बॅटरीवरच्या कंट्रोलरची कॉइल बहुधा वेगळी असते. तिला उघडायला एक झटका आणि मिटायला उलटा झटका लागतो; मधल्या वेळेत ती वीज खात नाही. तिची बॅटरी पाणी चालू असताना संपली तर व्हॉल्व उघडाच राहतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला बॅटरी नवी घालावी.

आणि एक जोडसूचना. पंप चालू असताना सगळे व्हॉल्व एकदम मिटू देऊ नयेत. पुढचा ब्लॉक आधी उघडावा, मग मागचा मिटावा. नाही तर दाब चढून पाईप फुटतो.

दोष कसा शोधावा?

कॉइल विकत आणायच्या आधी पुढील क्रमाने पाहावे.

१) पंप चालू ठेवून कॉइल हाताने पाव फेरा सैल करावी. बऱ्याच व्हॉल्वना हाताने पाणी सोडायची अशी सोय असते. असे केल्यावर व्हॉल्व उघडला, तर पडदा आणि दाब ठीक आहेत. दोष वीज, तार, कॉइल किंवा प्लंजर यांत आहे. हाताने सोडूनही उघडला नाही, तर दाब पाहावा किंवा वाट तुंबली आहे असे समजावे.

२) वीज सोडल्यावर कॉइलजवळ कान न्यावा. "टक्" ऐकू आले की कॉइल शाबूत आहे. आवाज नसेल तर लोखंडी स्क्रूड्रायव्हर वर टेकवून पाहावा. चुंबकाची ओढ लागली तर वीज येते आहे आणि प्लंजर अडकला आहे.

३) मीटर असेल तर तारा सोडवून कॉइलचा विरोध मोजावा. २४ व्होल्टच्या ठिबक कॉइलला बहुधा २० ते ६० ओहम मिळतात. काहीच दाखविले नाही तर आत तार तुटली. शून्याजवळ दाखविले तर आत जळून चिकटली.

४) व्हॉल्व मिटत नसेल तर पडद्याखाली खडा अडकला आहे, पडदा फाटला आहे, किंवा वरची खोली भरणारे बारीक भोक बुजले आहे. पंप बंद करून, दाब उतरवून, झाकण खोलून धुवावे. भोक साफ करायला तार किंवा खिळा घालू नये. भोक मोठे झाले तर तोलच बिघडतो. फुंकर मारावी, पाण्याने धुवावे.

५) कॉइल जळाली असेल तर नवी बसविण्यापूर्वी प्लंजरची नळी पाहावी. ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ए.सी. कॉइल दांडा ओढताना जास्त प्रवाह घेते आणि दांडा पूर्ण आत आला की प्रवाह कमी होतो. दांडा वाळूने अर्ध्यातच अडकला तर प्रवाह चढाच राहतो, कॉइल तापते आणि जळते. म्हणजे जळालेली कॉइल हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. आपल्या सभासदांचे नेमके हेच झाले होते.

व्हॉल्ववर २४ व्होल्टच असतात हे खरे, पण कंट्रोलरच्या पेटीत २३० व्होल्ट येतात. पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

आता त्या तोफेविषयी

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. कोणता सॉलेनॉईड घेऊ, असे त्याने विचारले. आम्ही त्याला म्हणालो, बाबा, सॉलेनॉईडचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, हवा कशात भरतोस?

पी.व्ही.सी. पाईपवर ४ किलो, ६ किलो असे लिहिलेले असते ते पाण्यासाठी. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, त्यामुळे त्यात साठलेला जोर अगदी थोडा. पाईप चिरला की पाणी उडते आणि दाब लगेच शून्यावर येतो. हवा मात्र आकसते, स्प्रिंगसारखी दबून बसते. चार इंची पाईपाच्या ६ मीटर लांबीत सुमारे ५० लिटर जागा असते. तीत ६ किलो दाबाने हवा भरली तर जो जोर साठतो, तो ५० किलोचे साखरेचे पोते पाऊणशे मीटर उंच उचलण्याइतका असतो. त्याच पाईपात त्याच दाबाचे पाणी असेल तर साठलेला जोर याच्या शेकडो पटींनी कमी. पी.व्ही.सी. लोखंडासारखा फुगून किंवा वाकून सूचना देत नाही. उन्हाने कडक झालेला असेल, कुठे ओरखडा असेल, तर तो काचेसारखा फुटतो आणि त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. हे तुकडे पुष्कळदा एक्स-रेमध्येही नीट दिसत नाहीत.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाईपच्या कार्बाईड बंदुकांनी कितीतरी पोरांचे डोळे दुखावले. तिथे कार्बाईडचा वायू पेटत होता, इथे नुसती हवा आहे; पण पाईप तोच आणि चेहरा जवळ नेणारी पोरेही तीच. समुद्रातली बंदूक जाड पोलादाची असते, आणि कारखान्यातली हवेची टाकी तपासलेली असून तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व असतो. टाकीचा विचार आधी झाल्यावरच तिथे कॉइल बसली.

याच कारणाने ठिबकच्या पाईपातला कचरा काढायला काँप्रेसरची हवा मारू नये. पाण्यानेच फ्लश करावे. रानडुकरांसाठी कुंपणाला सौर झटका मशीन लावावे. लाईनची वीज तारेला कधीही जोडू नये. त्यात माणूस मरतो आणि गुन्हाही होतो.

समारोप

सांगायचे ते इतकेच की, कॉइल काम करीत नाही, ती कामाचा इशारा देते. काम करतो तो साठलेला दाब. म्हणून व्हॉल्व बिघडला तर आधी वाट आणि दाब पाहावा, मग कॉइल. आणि नवे काही करायचे झाले तर दाब ज्यात साठवायचा ते भांडे आधी पाहावे, बटण नंतर.

आमच्या त्या सभासदांनी आता फिल्टर धुण्याचा वार ठरवून घेतला आहे. तिसरी कॉइल अजून कोरी आहे. पंपाच्या खोलीत खुंटीला टांगली आहे. मुलाने पाईप परत ठिबकच्या लाईनला जोडला. ज्या सभासदांच्या व्हॉल्वला अशी अडचण असेल त्यांनी नवी खरेदी करण्यापूर्वी आपल्या गट ऑफिसात कळवावे, किंवा व्हॉल्वचे झाकण, पडदा आणि कॉइल पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये घेऊन यावे. खोलून दाखवू. एकदा आतली वाट डोळ्यांनी पाहिली की पुन्हा कोणी दांडगी कॉइल मागणार नाही.